दगड झालेलं हाड की दगड झालेलं लाकूड? तुटलेलं तोंड बघा

तुम्ही विचारलंय, घटप्रभेच्या काठाला दरड ढासळली तिथं वीतभर लांब, दांड्यासारखा दगड मिळाला. हे जुनं हाड की दगड झालेलं लाकूड? फोटो मात्र नेमका लांबून काढलाय.

मी भूशास्त्राचा माणूस नव्हे. घर सुताराचं, संकेश्वरचं. नदीतले दगड गोळा करायची खोड लहानपणापासूनची. आकारावर जाऊ नका. पाण्यानं घासलेला दगड मांडीच्या हाडासारखा दिसतो आणि फांदीसारखाही. तुटलेलं तोंड धुऊन भिंगाखाली बघा.

मटणाची नळी आठवा. कडेला घट्ट कवच, मध्ये आपण चोखतो ती पोकळी, सांध्याकडं पावासारखी जाळी. हाडाचा दगड झाला तरी ही घडण बहुतेक वेळा टिकते, कडेचा थर वेगळा आणि आतला वेगळा. लाकडात असं कवच नसतं. आडव्या छेदात बारीक भोकं सगळीकडं विखुरलेली, गाभ्यापासून सालीकडं जाणाऱ्या रेघा, कधी वलयं. वलयं नाहीत म्हणून लाकूड नाही असं मात्र म्हणू नका. उष्ण मुलखातल्या बऱ्याच झाडांत ती पुसटच असतात. बाजूनं तंतू उभे धावतात आणि गाठीपाशी वळसा घेतात. रंधा मारणाऱ्याला तो वळसा लगेच कळतो. हाडाला गाठ नसते.

चाकूनं ओरखडून बघा. दगड झालेलं लाकूड बहुधा गारगोटीच्या जातीचं, त्यावर चाकू चालत नाही, उलट तेच काचेवर ओरखडा काढतं. हाड सहसा मऊ. जीभ लावायची युक्तीही सांगतात, हाड जिभेला चिकटतं म्हणून. चिकटतं खरं, पण वाळलेली मातीही चिकटते आणि भोकं खनिजानं गच्च भरलेलं हाड चिकटत नाही. शिवाय आपल्या नद्यांत वरून काय काय येतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

आता माझी फजिती. एक पोकळ 'हाड' मी दोन वर्षं शोकेसमध्ये ठेवलं होतं. निघालं कंकर! काळ्या मातीत मुळाभोवती चुना साचतो, मूळ कुजून जातं आणि नळी उरते. आत ना जाळी ना तंतू, नुसती पिठूळ चुनखडी. तुमचंही तसं असू शकतं. ट्रॅपच्या, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या दगडातली बुडबुड्यांची भोकंही हाडाच्या जाळीसारखी फसवतात, पण ती लहानमोठी, कशीही पसरलेली असतात.

तरी आशा सोडू नका. गोकाक धबधब्याचा वालुकाश्म झाडं आणि हाडं जन्माला यायच्या आधीचा, त्यात काही मिळणार नाही. नदीकाठच्या गाळाची गोष्ट वेगळी. गोकाकजवळच्या अशाच गाळातून भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांना गेंड्याची हाडं मिळाली होती. १८७४ साली त्यांनी त्या जातीला दख्खनचं नाव दिलं: ऱ्हायनोसेरस डेक्कनेन्सिस. गेंडा, आपल्या घटप्रभेकाठी!

म्हणून तिथं आणखी उकरू नका. कुठल्या थरातून निघाला ते लिहून ठेवा; जागा हरवली की हाडाची निम्मी किंमत गेली. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात भूशास्त्र विभाग आहे, तिथं दाखवा. त्याआधी तुटलेल्या तोंडाचा जवळून एक फोटो इथं टाका, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून.