रविवारच्या टेस्टला दुखणारं पोट

ताई, पत्र वाचलं. तुम्ही सिडकोत राहता, मुलगा अकरावी सायन्सला, क्लासची दीड लाख फी भरून झालीय आणि दर रविवारी टेस्टच्या सकाळी याचं पोट दुखतं. तुमचा प्रश्न, नीट करू की जेईई, का क्लासच बदलू. ते राहू द्या जरा. मी अडकलो ते शेवटून तिसऱ्या ओळीला, परवा तो म्हणाला "मी नसतो तर तुमची फी तरी वाचली असती" आणि मिस्टर म्हणाले डायलॉग मारू नको, पुस्तक घे.

डायलॉग समजू नका हो. आज रात्री दोघंच असताना सरळ विचारा, मरायचे विचार येतात का रे? विचारल्याने ते डोक्यात भरत नाहीत, उलट पोरं मोकळी होतात. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, तडक सिव्हिलला किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर रात्रीही चालतो, फुकट आहे, मराठीत बोलतात. नाही म्हणाला तरी याच आठवड्यात दाखवाच.

आता मिस्टरांचं ते "कोरोना सगळ्यांनाच होता, त्याला किती वर्षं झाली". अहो, सहावी-सातवी याची मोबाईलवर गेली, कॅमेरा बंद करून, परीक्षा न देता वर ढकलला. बीजगणित तेव्हा सुरू होतं आणि वर्गात उभं राहून चुकीचं उत्तर द्यायची, पोरं हसली तरी परत बोट वर करायची सवयही त्याच वयात लागते, ती लागलीच नाही. त्यात एप्रिल २०२१ ला आजोबा गेले, ज्यांच्या खोलीत बसून तो तास करायचा, अमरधामला फक्त मिस्टर आणि दीर गेले आणि याला दोन दिवसांनी कळलं. महामारीच्या पहिल्याच वर्षात जगभरात चिंता आणि नैराश्य २५ टक्क्यांनी वाढलं असं डब्ल्यूएचओने सांगितलंय, तरुण पोरांना झळ जास्त. लॉकडाऊन उठला म्हणून हे उठत नाही. पोट खरंच दुखतं त्याचं. टेस्ट बुडली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, मग पुढचा रविवार अजून जड जातो.

नीट, जेईई, सीईटी दरवर्षी असतात, बारावी आणि सीईटीवर फार्मसी, ॲग्री होतं, बी.एस्सी. आहेच. क्लास चालू ठेवायचा की नाही ते डॉक्टरांशी बोलून ठरवा, दीड लाख गेले तर गेले. पण मिस्टर दर रविवारी त्याची रँक फॅमिली ग्रुपवर टाकतात ना, ते आजपासून बंद करायला सांगा.