आतेभावाची थट्टा कुठे संपते?

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातली, बेळगावात नोकरी करते. घरच्या कार्यक्रमांत माझा आतेभाऊ मला सर्वांसमोर ‘बायको’ म्हणून चिडवतो. अलीकडे तो रात्री माझ्या दिसण्याविषयी मेसेज पाठवतो आणि मी गप्प राहिले की ‘अगं, थट्टा केली’ म्हणतो. आई म्हणते, आतेभावाचा तो हक्कच असतो. ही थट्टा आहे की फ्लर्टिंग?

उत्तर : आपल्या सीमाभागात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल अनेक समाजांत आहे आणि त्यामुळेच आते-मामे भावंडांच्या चेष्टेला घरातले मोठे हसून मोकळीक देतात. मात्र ती चेष्टा चारचौघांत होते, तिला तसेच खणखणीत उत्तर देण्याची मुभा मुलीलाही असते आणि हळदीचा मांडव उतरला की ती तिथेच संपते. रात्री एकट्या तुम्हालाच आलेल्या मेसेजमध्ये यांपैकी काहीही नाही. तिथे तो तुमच्या उत्तराची वाट पाहतो आहे, म्हणजे ते फ्लर्टिंग आहे.

फ्लर्टिंग मुळात वाईट नव्हे. दोघांनाही ते हवे असेल, तर त्यात गैर काही नाही. मला खटकते ते ‘थट्टा केली’ हे वाक्य, कारण त्यामुळे त्याला मनातले विचारताही येते आणि तुमचा नकार ऐकावाही लागत नाही. तो तुम्हाला आवडतो की नाही, हे तुम्ही लिहिलेले नाही. ते आधी स्वतःशी ठरवा.

आईंना सांगा की चालीमुळे मागणी घालता येते, हक्क मिळत नाही. हिंदू विवाह कायदा, 1955 रूढी असल्यास अशा नात्यातल्या लग्नाला मान्यता देतो, परंतु मुलीची संमती त्यालाही लागतेच.

नको असेल, तर ‘मला असे मेसेज पाठवू नकोस’ एवढेच लिहा. पुढे हसरे चिन्ह जोडू नका. मनाने सरळ असलेला मुलगा यावर थांबेल. स्पष्ट नकारानंतरही पुन्हा पुन्हा संपर्क साधून सलगी वाढवू पाहणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली पाठलागाचा गुन्हा ठरू शकतो. म्हणून आलेले मेसेज पुसू नका आणि आत्या-मामांशी बोलताना ते आईंना दाखवून त्यांना सोबत न्या.