अपप्रचाराचा अभ्यास सुरू करताना

आपण शिवाजी विद्यापीठात आंतरराष्ट्रीय राजकारण शिकता आणि अपप्रचारावर, म्हणजे फसवण्याच्या हेतूने पसरवलेल्या खोट्या माहितीवर, काम करू इच्छिता, हे वाचून आनंद झाला. आरंभी तीनच गोष्टी सांभाळा.

पहिली, हेतू तपासा. २०१९ च्या महापुरात पंचगंगेचा म्हणून आलेला भलत्याच नदीचा व्हिडिओ मी स्वतः चार गटांत पाठवला होता. ती चूक होती, अपप्रचार नव्हे, कारण फसवण्याचा हेतू नव्हता. तसेच एखादे सरकार स्वतःच्या नावाने आपली बाजू मांडते, तेव्हा ती आपल्याला कितीही एकांगी वाटली तरी तिला लगेच अपप्रचार म्हणू नये.

दुसरी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची: बातमीचा प्रवास मागे मागे शोधत जा. जुलै १९८३ मध्ये दिल्लीच्या ‘पॅट्रियट’ दैनिकात एक निनावी पत्र छापून आले, ज्यात एड्सचा विषाणू अमेरिकेने तयार केल्याचा दावा होता; १९८५ मध्ये सोव्हिएत साप्ताहिक ‘लितेरातुर्नाया गाझेता’ने त्याच दैनिकाचा हवाला देत तो पुन्हा मांडला आणि पुढे तो अनेक देशांत पसरला. या मोहिमेमागे केजीबी ही सोव्हिएत गुप्तहेर संस्था होती. परक्या देशातील वृत्तपत्र वापरल्यामुळे मूळ स्रोत झाकला जातो, ही युक्ती आजही जुनी झालेली नाही.

तिसरी, प्रसार म्हणजे परिणाम नव्हे. लाखो लोकांनी पाहिले म्हणून लाखोंचे मत बदलले, असे नवखे अभ्यासक हमखास लिहितात.

संगणकीय विश्लेषणाची साधने तूर्त बाजूला ठेवा. आधी एड्सच्या दाव्याचे हे एकच प्रकरण तारखांनिशी वहीत मांडून पाहा.