नाचाच्या स्टेप्स बघताना कळतात, पण करताना आठवत का नाहीत?

कळणं आणि जमणं ही मेंदूची वेगवेगळी कामं आहेत. हालचालींची आठवण मुख्यतः अनुमस्तिष्क आणि बेसल गँगलिया हे मेंदूचे भाग सांभाळतात, आणि ती नुसती बघून नाही, करूनच पक्की होते. म्हणून आठ काउंटचा तुकडा एकदम घेऊ नका. आधी फक्त पाय, अगदी संथ, तोंडाने 'उजवा, मागे, वळ' म्हणत; हात नंतर. शिकवणारा समोर तोंड करून असेल तर डावं-उजवं उलटतं, सरळ त्याच्या पाठीमागे उभे राहा. रोज 10 मिनिटं पुरे. रात्रीची झोप मात्र चुकवू नका, सराव झोपेत मुरतो (काल अडलेली स्टेप आज आपसूक जमते ती बऱ्याचदा त्यामुळे).

लहानपणापासून बुटाची नाडी, सायकल, चेंडू झेलणंही जड गेलं असेल, तर डिस्प्रॅक्सिया (हालचालींचा मेळ बसवायला जड जाण्याची जन्मजात अडचण) असू शकतो. त्याचा बुद्धीशी संबंध नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्टला (रोजच्या हालचाली आणि कामं जमवायला शिकवणारे तज्ज्ञ) एकदा भेटा.