ना चेहरा, ना अख्खी इमारत; यात पोट भरेल का?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्राचा मथितार्थ आधी थोडक्यात देतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. तुमची लेक १९ वर्षांची, साताऱ्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय भौतिकशास्त्र. गेलं वर्षभर ती मैत्रिणींची कोपरं, मानेची वळणं, टाचा आणि इमारतींचे कोपरे, जिने, छज्जे एवढ्याचेच फोटो काढते. ल्युसियाँ एर्वे या छायाचित्रकाराचं काम पाहिल्यापासून पदवी सोडून फोटोग्राफीच्या कोर्सला जायचं म्हणते. घरात थोरल्या मुलाचा जुना डीएसएलआर आणि १८-५५ मिमीची लेन्स आहे (आकडा जितका लहान, तितकं रुंद दृश्य); तिला दीड लाखाचा नवा कॅमेरा हवाय. तुमचा प्रश्न असा, की चेहरा नाही, पूर्ण इमारत नाही, मग असले फोटो विकत कोण घेणार?

घेणारे आहेत. पण ते तुकडे विकत घेतात ते ज्याला अख्खी इमारत नीट टिपता येते त्याच्याकडून. पदवी सोडू देऊ नका, आणि कॅमेराही आत्ता घेऊ नका.

ज्या एर्वेंचं नाव ती घेते त्यांच्यापासूनच सुरुवात करू. जन्म १९१०, मूळचे हंगेरीचे, पुढे पॅरिसला स्थायिक. १९४९ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेयला वास्तुकार ल कॉर्बुझिए यांची मोठी निवासी इमारत उभी राहत होती. एर्वेंनी तिथे एका दिवसात ६५० फोटो काढले आणि वास्तुकाराला पाठवले. त्यानंतर १९६५ साली कॉर्बुझिए वारेपर्यंत त्यांच्या इमारती टिपण्याचं काम एर्वेंकडेच राहिलं. चंडीगढ आणि अहमदाबाद इथलं त्यांचं कामही त्यातलंच. आज आपण पाहतो ती भिंतीची एक तिरकी कड, सावलीचा एक त्रिकोण, हे बऱ्याचदा कॅमेऱ्यात तसं बंद झालेलं नसायचं. एर्वे छोट्या प्रिंट्स कात्रीने कापायचे, कार्डावर चिकटवायचे, पुन्हा कापायचे. म्हणजे आधी ६५० फोटो आणि मग कात्री. लेक बहुधा कात्रीपासून सुरुवात करतेय.

शरीराच्या बाजूने तिने बिल ब्रँट या छायाचित्रकाराचं काम पाहावं. जन्म हॅम्बुर्गचा, कारकीर्द लंडनची. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तूंच्या दुकानातून एक लाकडी कोडॅक कॅमेरा घेतला. त्याची लेन्स फार रुंद कोनाची, छिद्र अगदी बारीक. त्यामुळे हाताच्या अंतरावरचा गुडघा आणि मागची खिडकी दोन्ही स्पष्ट यायचे, आणि जवळचा अवयव खडकाएवढा वाटायचा. इंग्लंड-फ्रान्सच्या किनाऱ्यांवर दगडगोट्यांमध्ये ठेवलेले कान, पाय, कोपर त्यांनी असेच टिपले. त्यांच्याकडे तुकडा काही झाकण्यासाठी येत नाही. लेन्स आणि अंतर यांनी तो घडवलेला असतो. अमेरिकी छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन यांनी १९२२ मध्ये ओहायोतल्या पोलाद कारखान्याची धुराडी टिपली आणि पुढे मानवी देहाकडेही त्याच आकाराच्या नजरेने पाहिलं. छायाचित्रकार जेर्मेन क्रुल आयफेल टॉवरच्या लोखंडाचेही फोटो काढत आणि देहाचेही. तेव्हा देह आणि वास्तू एकत्र पाहण्याला शंभर वर्षांची परंपरा आहे. लेक विचित्र काही करत नाहीये, एवढं घरात सर्वांना सांगा.

आता कामाचं. पत्रासोबतचे २० फोटो पाहिले. नजर आहे. चुका तीन ठिकाणी आहेत आणि तिन्ही दुरुस्त होण्यासारख्या आहेत.

पहिली, इमारतींच्या उभ्या कडा. काही वर एकमेकींकडे झुकतात, काही मधेच बाहेर फुगतात. झुकतात, कारण कॅमेरा वर वळवला की सेन्सर (आतली प्रतिमा टिपणारी चकती) भिंतीला समांतर राहत नाही. फुगतात, कारण १८ मिमीवर अशा लेन्सना तो दोषच असतो. उपाय असा: १८ सोडून ३५ ते ५५ मिमीवर या, मागे सरका, ट्रायपॉडवर पातळी बघा, वर बघायचंच असेल तर समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरून फोटो काढा. मुद्दाम तिरकं करायचं तर चांगलं १५-२० अंश तिरकं करा. दोन अंशांचा तिरकेपणा फक्त निष्काळजीपणा वाटतो. संगणकावर लेन्सचा दोष आधी काढा आणि मग कापा. उलटं केलं तर कापलेल्या फोटोत वाकडी रेघ तशीच राहते.

दुसरी, अति कापाकापी. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० × ४००० चा. लांबी-रुंदी निम्मी केली की ३००० × २००० म्हणजे फक्त ६ मेगापिक्सेल उरतात. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) छापलं तर साधारण १० × ६.७ इंच. मोबाइलवर हे कळत नाही, प्रदर्शनाच्या प्रिंटवर लगेच कळतं. पुढे सरकणं शक्य असेल तिथे सरका.

तिसरी, उजेड. मैत्रिणींचे फोटो खोलीतल्या ट्यूबलाइटखाली काढलेत, इमारती ढगाळ हवेत. दोन्ही सपाट. त्वचेचा पोत दिसायला उजेड एकाच बाजूने, कॅमेऱ्याच्या रेषेशी जवळजवळ काटकोनात हवा. एक खिडकी पुरते. समोरच्या बाजूला काळं कापड धरा, म्हणजे परतीचा उजेड सावली भरून काढणार नाही. काँक्रीटलाही हाच नियम. भिंतीला घासून जाणारं ऊन असलं तरच शटरिंगच्या फळ्यांचे वळ दिसतात. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर येतो. बहुतेक जण कॅमेरा बॅगेत ठेवतात ती हीच वेळ, आणि उभ्या भिंतींवर वरून घासून येणारं ऊन तेव्हाच मिळतं. पांढऱ्या भिंतीला कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर करडी करतं, तिथे एक ते दीड स्टॉप जास्त द्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). रॉ फॉरमॅटमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्येच काढा.

त्वचेच्या बारीकसारीक गोष्टी कुणी शिकवत नाही, म्हणून लिहितो. घड्याळ, रबरबँड, घट्ट बाही यांचे वळ त्वचेवर अर्धा-पाऊण तास राहतात. तेवढा वेळ आधी काढून ठेवायला सांगा. पंखा-एसीने काटा येतो. बोटं थेट लेन्सकडे रोखली की तुटल्यासारखी दिसतात. चौकटीची कड मनगट, कोपर, गुडघा अशा सांध्यावर आणू नका. दोन सांध्यांच्या मधे आणा, नाहीतर अवयव छाटल्यासारखा वाटतो. ५० मिमी एफ १.८ ने ६० सेंमीवरून काढलं तर जेमतेम १ सेंमी खोली स्पष्ट येते, एफ ८ वर चारेक सेंमी (एफचा आकडा लहान म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं). इतक्या जवळून कुठल्याही लेन्सला खोली कमीच मिळते; तिच्या निम्म्या फोटोंत कोपर स्पष्ट आणि दंड धूसर का, त्याचं उत्तर यात आहे. प्रकाशशास्त्र तर ती कॉलेजात शिकतेच आहे. एफ १६च्या पुढे फोटो मऊ का पडतो, हे तिने तुम्हाला समजावून सांगावं.

एक मत मात्र स्पष्ट देतो. कोपराशेजारी जिन्याचा कोपरा, पाठीच्या कण्याशेजारी खांबांची रांग, अशा जोड्या तिने लावल्यात. पहिली जोडी पाहून मजा वाटते, चौथीपर्यंत ते कोडं होतं. आकार जुळवण्यापेक्षा उजेडाची दिशा, सावलीचा गडदपणा आणि विषयापासूनचं अंतर जुळवा. मग आकार न जुळणारे फोटोही एकमेकांशेजारी टिकतात.

पैशाचा प्रश्न. आर्किटेक्ट आणि इंटिरियर डिझायनर हे पहिले गिऱ्हाईक. एका घराच्या कामात साधारण २०-२५ तयार फोटो द्यावे लागतात: काही पूर्ण दृश्यं, बरीचशी मधल्या अंतराची, आणि सहा-आठ तपशील. तिची खासियत त्या सहा-आठांत आहे, पण बाकीचे जमले नाहीत तर तिथवर कुणी पोचूच देणार नाही. दुसरं गिऱ्हाईक तिच्या डोक्यातच आलं नसेल: दागिने, घड्याळं, चपला, त्वचेची प्रसाधनं. कोल्हापुरी साज म्हणजे गळा, नथ म्हणजे नाकाची कड, कोल्हापुरी चप्पल म्हणजे पाऊल. चेहरा न दाखवता शरीराचा भाग देखणा करणं हे इथलं रोजचं काम आहे आणि त्याला पैसे मिळतात. साताऱ्याहून कोल्हापूर आणि पुणे दोन्ही जवळ. चमकणाऱ्या सोन्यावर खोलीतलं सगळं प्रतिबिंबित होतं, त्यामुळे पांढऱ्या कागदाचा तंबू आणि ९०-१०० मिमीची मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपणारी लेन्स लागते. लेन्स भाड्याने मिळते.

भारतीय कॉपीराइट कायद्याच्या दोन गोष्टी माहीत हव्यात. पैसे घेऊन कुणासाठी फोटो काढले आणि लेखी करार नसेल, तर हक्काचा पहिला मालक तो गिऱ्हाईक ठरतो. म्हणून दोन पानी का होईना, करार हवा. आर्किटेक्टने घेतलेले फोटो टाइल्सच्या कंपनीला वापरायचे असतील तर त्याचे वेगळे पैसे, हेही त्यातच लिहा. दुसरं, इमारतीचा फोटो काढून तो प्रसिद्ध केल्याने वास्तुकाराच्या कॉपीराइटचा भंग होत नाही. आवारात शिरायची परवानगी हा मात्र वेगळा विषय. पुण्यात वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी उभारलेली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था किंवा पणजीत त्यांचीच कला अकादमी टिपायची तर आधी कार्यालयात लेखी विचारावं. ट्रायपॉड दिसला की सुरक्षारक्षक अडवतोच.

मैत्रिणींच्या फोटोंबद्दल जरा कडक बोलतो. लेखी संमती प्रत्येकीची, आणि त्यात फोटो कुठे वापरणार ते नमूद केलेलं. १८ पूर्ण नसलेल्या कुणाचेही असे फोटो काढू नयेत. चेहरा नाही म्हणून ओळख लपते, हा भ्रम आहे. तीळ, अंगठी, टॅटू यांवरून गावात माणूस ओळखला जातो. शिवाय कापण्याआधीच्या मूळ फाइलमध्ये चेहरा असतोच. त्या फाइली वेगळ्या हार्ड डिस्कवर पासवर्डखाली ठेवाव्यात, फोनच्या आपोआप होणाऱ्या बॅकअपमध्ये नव्हे. एखादीने नंतर नको म्हटलं तर फोटो काढून टाकायचा, हेही संमतिपत्रात असू द्या.

शिक्षणाचं थोडक्यात. बारावीनंतर फोटोग्राफीची पदवी पुण्यात सिंबायोसिस आणि भारती विद्यापीठात आहे, पण दोन वर्षं टाकून पहिल्यापासून सुरुवात करणं मला पटत नाही. बी.एस्सी. झाल्यावर दोन चांगले रस्ते आहेत. एक, एनआयडीच्या (राष्ट्रीय डिझाइन संस्था) गांधीनगर केंद्रातला फोटोग्राफी डिझाइनचा एम.डेस., म्हणजे डिझाइनमधली पदव्युत्तर पदवी; प्रवेशपरीक्षा दोन टप्प्यांत होते, आणि पात्रतेची अट त्या-त्या वर्षीच्या माहितीपुस्तकात बघूनच अर्ज करा. दुसरा, उटीची लाइट अँड लाइफ अकादमी; तिथला अभ्यासक्रम व्यावसायिक कामाकडे जास्त झुकलेला आहे. ज्याला दागिने-इमारतींचं काम लगेच सुरू करायचंय त्याला दुसरा, ज्याला स्वतःचा विषय लांबवर न्यायचाय त्याला पहिला. तुमच्या लेकीचे फोटो पाहता मी पहिल्याकडे झुकतो.

तोवर दीड लाखाऐवजी खर्च असा करा: सध्याच्याच कॅमेऱ्याला ५० मिमी एफ १.८ लेन्स, दहा ते वीस हजारांत; एक जड, न हलणारा ट्रायपॉड; आणि चांगल्या मॅट कागदावर प्रिंट काढायचे पैसे. साताऱ्यातली एकच आर.सी.सी. इमारत निवडून तिने वर्षभर वेगवेगळ्या ऋतूंत टिपावी. आधी पूर्ण, मग मधल्या अंतरावरून, शेवटी तुकडे. तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत १२ ते १६ प्रिंट्सचा एकच संच हातात हवा. उभ्या कडा सरळ आल्या की दोन दिवसांसाठी टिल्ट-शिफ्ट लेन्स (कॅमेरा न झुकवता वर-खाली सरकवता येणारी) पुण्याहून भाड्याने आणा. ती विकत घ्यायला लाखाच्या वर मोजावे लागतात, आणि पहिलं पगारी काम येईपर्यंत त्याची गरज नाही.