चिपळूणला राहतो. विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात जायचं तर दहावीनंतर आयटीआयला फिटर घेऊ की मशिनिस्ट?

मशिनिस्ट घ्या, दोन्ही ट्रेड दोन वर्षांचेच, पण सुटे भाग कापले जातात ते सीएनसीवर (संगणकाच्या प्रोग्रामवर चालणारं मशीन), आणि ते मशिनिस्टचं काम. मी अशाच भागांच्या तपासणीवर असतो. नवी मुलं मशीन चालवायला पटकन शिकतात, अडतात ती ड्रॉइंग आणि मापात. ड्रॉइंगवर २५ एच६ (स्मॉल एच) लिहिलंय म्हणजे शाफ्टचा व्यास २५.००० ते २४.९८७ मिमीच्या आत हवा, १३ मायक्रॉनची मुभा (एक मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग). आयटीआयतला नेहमीचा व्हर्नियर २० मायक्रॉनपर्यंतच वाचतो, मग तो इथे काय कामाचा? मायक्रॉन वाचणारा मायक्रोमीटर हातात बसला पाहिजे. जोडीला एवढं करा:

- जीडी अँड टीची चिन्हं (भागाच्या आकारात, जागेत किती फरक चालेल ते ड्रॉइंगवर दाखवणारी)
- जी-कोड (सीएनसीला द्यायच्या सूचना) हाताने लिहिणं
- नोंदी ठेवायची सवय (एएस९१०० या विमान उद्योगाच्या गुणवत्ता मानकात कागद चुकला की चांगला पार्टही अडकतो, आणि हे कुणी आधी सांगत नाही)

एक मात्र आहे: तुमच्या जवळच्या लोटे परशुराम एमआयडीसीत मुख्यतः रासायनिक कारखाने, तिथे मेंटेनन्सला फिटरच लागतो. घर सोडून पुणे किंवा नाशिककडे अप्रेंटिसशिपला जायची तयारी नसेल तर फिटरच बरा.