उत्तर: कॅलिफोर्नियात भाच्याने राज्याच्या बाँडवालं होमलोन घ्यावं का?

ताई, तुम्ही विचारलंय की भाचा अमेरिकन नेव्हीतून बाहेर पडलाय, सॅक्रामेंटोजवळ घर बघतोय, एजंट म्हणतो कॅलव्हेटचं (कॅलिफोर्नियाचं माजी सैनिकांसाठीचं खातं) लोन घे आणि बँकवाला म्हणतो व्हीए लोन (केंद्राच्या माजी सैनिक खात्याच्या हमीचं) घे, तर सरकार खरंच स्वस्तात पैसे देतं का आणि ते येतात कुठून. फुकट काही नाहीये हो. राज्य स्वतःच्या नावावर बाँड म्हणजे कर्जरोखे काढून बाजारातून पैसे उचलतं आणि तेच माजी सैनिकांना घरासाठी देतं, एवढाच खेळ आहे. बाँड घेणाऱ्याला त्या व्याजावर केंद्राचा इन्कम टॅक्स पडत नाही, वर राज्याची हमी, म्हणून तो कमी व्याजावरही खूष असतो, आणि तो कमीपणा पुढे कर्जदारापर्यंत पोचतो. बाँडची परतफेड या लोकांच्या हप्त्यांतूनच होते. टॅक्स भरणाऱ्याच्या खिशाला हात तेव्हाच लागेल जेव्हा हप्ते कमी पडतील, आणि आजवर तिथे ही स्कीम स्वतःच्या पायावर चाललीय.

हे 1921 पासून चालू आहे, आणि दर वेळी लोकांचं मत घ्यावं लागतं. 2008 मध्ये 90 कोटी डॉलर मंजूर झाले, 2018 च्या प्रपोझिशन 1 (मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव) मधल्या 4 अब्जांपैकी 1 अब्ज यासाठी होते. असे खास टॅक्स-फ्री बाँड काढायची परवानगी फक्त पाच राज्यांना आहे, कॅलिफोर्निया, टेक्सास, ओरेगन, विस्कॉन्सिन, अलास्का, त्यामुळे न्यू जर्सीसारख्या दुसऱ्या राज्यातल्या कुणाचा सल्ला इथे कामाचा नाही.

आता खरी गोम. हे लोन दर वेळी स्वस्त असेलच असं नाही. बाजारातलेच व्याजदर पडले की टॅक्स-फ्रीचा फायदा उरत नाही. 2008 च्या त्या 90 कोटींचंच बघा ना, घरांचा बाजार कोसळला, मागणी आटली, शेवटी 2014 मध्ये त्यातले 60 कोटी मतदारांनीच दुसरीकडे वळवले, गरजू माजी सैनिकांच्या भाड्याच्या घरांसाठी. म्हणजे एजंटने "सरकारी आहे म्हणजे स्वस्तच" म्हटलं की मान डोलवू नका.

व्हीए लोनमध्ये पैसे बँकेचे, केंद्र फक्त हमी घेतं. डाऊन पेमेंट शून्य चालतं पण पहिल्यांदा शून्य डाऊनने घेतलं तर कर्जाच्या 2.15 टक्के फंडिंग फी लागते (लष्करी नोकरीमुळे आलेल्या अपंगत्वाची भरपाई मिळत असेल तर माफ). कॅलव्हेटची मला आवडणारी गोष्ट व्याजदर नाहीच, पूर आणि भूकंपाचं संरक्षण सोबत मिळतं ती आहे. नेहमीच्या घराच्या पॉलिसीत तिकडे भूकंप धरलेला नसतो आणि वेगळा घ्यायला गेलं की डोळे पांढरे होतात.

कागद मात्र नीट वाचायला सांगा. कॅलव्हेटची जुनी पद्धत अशी की घर ते स्वतः विकत घेणार आणि सैनिकाला हप्त्याने विकणार, मालकी शेवटचा हप्ता फिटल्यावर. भाच्याला नक्की कुठल्या प्रकारचा करार देतायत ते आधीच विचारू दे. टेक्सासमध्ये 1950 च्या दशकात सैनिकांच्या जमिनीच्या स्कीममध्ये कित्येकांनी काय लिहिलंय हे न कळता सह्या केल्या, त्यांच्या नावावर दलालांनी जमिनी फिरवल्या, आणि त्यापायी बॅस्कम जाइल्स हा राज्याचा लँड कमिशनर तुरुंगात गेला. आता तसं राहिलं नाही, पण वाचून सही करायची सवय चांगली.

आणखी एक, या टॅक्स-फ्री बाँडच्या पैशासाठी लष्करी नोकरी सुटल्यापासून 25 वर्षांच्या आत अर्ज लागतो, भाचा तरुण आहे म्हणजे तो प्रश्न नसावा. डीडी-214 (लष्करातून सुटल्याचा दाखला) हाताशी ठेवू दे आणि दोन्हीकडून एकाच दिवशी लोन एस्टिमेट (कर्जाचे व्याज-खर्च मांडलेला कागद) मागवू दे, कारण दर रोज हलतात, सोमवारचा एक आणि गुरुवारचा दुसरा असे ताडून काही कळत नाही. दोन्ही आले की नाव-पत्ता खोडून आकडे इथे टाका, बघून सांगतो.